घटक ६ : घरच्या संगणकावरून जाणाऱ्या ई-मेलचा प्रेषक-पत्ता

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर ई-मेलच्या लिफाफ्यावरचा प्रेषक आणि पत्रावरचा प्रेषक यांतील भेद आपणास स्पष्ट करता येईल. घरच्या संगणकाने स्वतःच बनवलेला पत्ता ओळखून त्या जागी आपला खरा पत्ता कोठे व कसा घालावा, हे सांगता येईल. तसेच प्रेषकाचे नाव देवनागरीत द्यावयाचे असल्यास कोणती दक्षता घ्यावी, याचाही निर्णय आपणास करता येईल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्राची अंगे पाहिली. प्रेषक, प्रति, विषय, संदर्भ या क्रमात ‘प्रेषक’ हा पहिला असला, तरी पत्र लिहिताना सर्वांत कमी विचार त्याचाच होतो. स्वतःचे नाव व पत्ता लिहिण्यात विचार करण्यासारखे काय आहे, असे आपणास वाटते. आंतर्देशीय पत्राच्या मागील बाजूस पाठवणाऱ्याच्या पत्त्यासाठी राखलेली जागा कितीतरी जण कोरीच सोडत असत. पत्र पोहोचले, तर त्या कोऱ्या जागेने काही बिघडत नाही. पोहोचले नाही, तरच तिची किंमत कळते. पत्र कोणाकडे परत करावे हे टपालखात्याला समजत नाही, आणि ते पोहोचले नाही हे पाठवणाऱ्याला समजत नाही.

ई-मेलमध्ये ही जागा कोरी राहत नाही. आपण ती भरली नाही, तर संगणक स्वतःच्या समजुतीप्रमाणे भरतो. अडचण येथूनच सुरू होते.

याबाबतचा प्रस्तुत लेखकाचा अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जात्यावरच्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण आणि त्यांची हस्तलिखितावरून केलेली टिपणे घरच्या एका लिनक्स संगणकावर साठवलेली होती. रोज रात्री त्यांची दुसऱ्या डिस्कवर नक्कल व्हावी आणि काही बिघडल्यास संगणकाने ई-मेल करून कळवावे, अशी व्यवस्था केली होती. व्यवस्था लावल्यावर स्वतःला एक चाचणी-पत्र पाठवून पाहिले, ते मिळाले आणि विषय संपला. पुढे मूळ डिस्क बंद पडली, तेव्हा कळले की नक्कल होणे चार महिन्यांपूर्वीच थांबले होते. संगणकाने प्रत्येक रात्री इमानाने पत्र लिहिले होते. त्यातील एकही पत्र घराबाहेर पडू शकले नव्हते. नाकारल्याच्या सूचना संगणकाच्या आतल्या एका टपालपेटीत साठत गेल्या होत्या आणि ती पेटी कोणीही उघडत नव्हते. चार महिन्यांत नोंदवलेल्या ओव्या गेल्या. गाणाऱ्या बायांपैकी एकीकडे पुन्हा जाण्याची सोयही आता उरलेली नाही. चूक कोणती होती, हे ६.३.३ मध्ये येईल.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ लिफाफा आणि पत्र

ई-मेल एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर नेण्याचे नियम एसएमटीपी या नावाने ओळखले जातात. ते जोनाथन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. पत्राच्या आतील मांडणीचे नियम त्याच महिन्यात डेव्हिड क्रॉकर यांनी आरएफसी ८२२ मध्ये दिले. एकाच विषयावर दोन स्वतंत्र दस्तऐवज का, असा प्रश्न येथे पडतो. पहिला दस्तऐवज लिफाफ्याविषयी आहे आणि दुसरा पत्राविषयी, हे त्याचे उत्तर होय. आज या दोहोंच्या जागी २००८ सालच्या आरएफसी ५३२१ आणि ५३२२ या सुधारित आवृत्त्या प्रमाण मानल्या जातात, पण मूळ विभागणी तशीच आहे.

दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात तेव्हा पाठवणारा आधी स्वतःची ओळख सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’ म्हणून प्रेषकाचा पत्ता सांगतो, ‘आरसीपीटी टू’ म्हणून प्राप्तकर्त्याचा पत्ता सांगतो. हा झाला लिफाफा. तो स्वीकारला गेला, तरच ‘डेटा’ म्हणून पत्र सुरू होते. या पत्राच्या माथ्यावर पुन्हा ‘फ्रॉम’ अशी एक ओळ असते. वाचणाऱ्याला पडद्यावर दिसते ती ही ओळ. लिफाफा त्याला दिसत नाही. पत्र पेटीत टाकताना शेवटचा सर्व्हर लिफाफ्यावरचा प्रेषक ‘रिटर्न-पाथ’ या ओळीत नोंदवून ठेवतो, एवढीच त्याची खूण राहते.

या दोन जागी दोन वेगळे पत्ते असू शकतात. पत्र पोहोचले नाही, तर परतीची सूचना लिफाफ्यावरच्या पत्त्यावर येते. वाचणाऱ्याने उत्तर दिले, तर ते पत्रावरच्या पत्त्यावर जाते. पत्रात ‘रिप्लाय-टू’ ही वेगळी ओळ असेल, तर तेथे. म्हणून यांतील एकच पत्ता दुरुस्त करून दुसरा विसरणे ही अर्धी दुरुस्ती ठरते. पत्र दिसायला योग्य दिसते, परंतु परतीच्या सूचना भलतीकडे जातात.

याच नियमांत ‘सेंडर’ नावाची तिसरी ओळही आहे. पत्राचा कर्ता एक आणि ते प्रत्यक्ष पाठवणारा दुसरा असेल, तेव्हा ती वापरावी असे सांगितले आहे. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटू नये. शिवकालात पत्र महाराजांचे असे, अक्षर बाळाजी आवजी चिटणिसांचे. पत्र कोणाचे आणि हात कोणाचा, हा भेद आपल्या दप्तरांना चांगला ठाऊक होता. घरच्या संगणकावर मात्र या ओळीची गरज क्वचितच पडते.

६.३.२ संगणकाने स्वतःला दिलेले नाव

संगणकावर कार्यप्रणाली बसवताना तो आपल्याला एक नाव विचारतो. आपण ‘घर’, ‘लॅपटॉप’ असे काहीतरी देतो. वापरणाऱ्याचेही एक लहान नाव ठरते, समजा ‘सुनंदा’. पुढे एखादा प्रोग्रॅम पत्र पाठवू लागला आणि त्याला प्रेषक कोणीच सांगितला नाही, की तो या दोन नावांच्या मध्ये ॲटचे चिन्ह घालून ‘सुनंदा@घर’ असा पत्ता तयार करतो. (पडद्यावर ही नावे रोमन लिपीत असतील. येथे व पुढेही त्यांचे देवनागरी रूप दिले आहे.)

हे वागणे पाहून संगणक चुकला असे आपण म्हणतो. परंतु तसे म्हणणे न्यायाचे नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये हे चिन्ह पत्त्यासाठी निवडले, तेव्हा त्याच्या डावीकडे माणूस आणि उजवीकडे तो ज्या संगणकावर काम करतो त्या संगणकाचे नाव, असाच अर्थ होता. जाळ्यावरचे संगणक तेव्हा मोजके होते आणि ते एकमेकांना नावाने ओळखत. घरातला लिनक्स संगणक आजही त्याच जुन्या रीतीने पत्ता बनवतो. फरक इतकाच, की ‘घर’ नावाच्या संगणकाला घराबाहेर कोणी ओळखत नाही.

प्राप्तकर्त्याचा सर्व्हर लिफाफ्यावरच्या पत्त्याचा उजवा भाग घेतो आणि त्या नावाचे काही अस्तित्वात आहे का, हे इंटरनेटच्या नामसूचीत म्हणजे डीएनएसमध्ये शोधतो. ‘घर’ तेथे सापडत नाही. असे पत्र अनेक सर्व्हर दारातूनच परत फिरवतात. मग आपला संगणक नाकारल्याची सूचना लिहितो आणि ती प्रेषकाला, म्हणजे ‘सुनंदा@घर’ला पाठवतो. हा पत्ता घरातलाच असल्यामुळे ही सूचना मात्र बिनचूक पोहोचते. ती ‘व्हार’ निर्देशिकेतील ‘मेल’ या जागी सुनंदाच्या नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसते. पूर्वी टर्मिनलवर प्रवेश करताच ‘तुम्हाला पत्र आहे’ अशी ओळ दिसत असे. आता चित्रमय पडद्यावर काम करणाऱ्याला ती ओळ दिसतच नाही आणि अशी एखादी पेटी आपल्या संगणकात आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

६.३.३ पत्ता बदलण्याची जागा

आपण केवळ ब्राउझरमधून ई-मेल पाठवत असाल, तर प्रेषक-पत्ता सेवा देणारी कंपनी भरते आणि आपणास फारसे काही करावे लागत नाही. थंडरबर्डसारखा प्रोग्रॅम वापरत असाल, तर खात्याच्या सेटिंगमध्ये ‘आयडेंटिटी’ या नावाने एकाहून अधिक प्रेषक नोंदवता येतात. एकाच खात्यात घरगुती पत्ता आणि अभ्यासासाठीचा पत्ता असे दोन ठेवून पत्र लिहिताना हवा तो निवडता येतो. येथे प्रत्येक प्रेषकासमोर त्याचा निर्गम सर्व्हर, म्हणजे ज्या सर्व्हरमार्फत पत्र बाहेर पडेल तो, तपासून पाहावा. प्रेषक एका कंपनीचा आणि निर्गम सर्व्हर दुसऱ्या कंपनीचा, ही जोडी का चालत नाही ते ६.३.४ मध्ये पाहू.

अधिक विचार लागतो तो संगणकच पत्र पाठवत असेल तेव्हा. लिनक्सवर हे काम बहुधा एक्झिम किंवा पोस्टफिक्स यांपैकी एक प्रोग्रॅम करतो. एक्झिम हा फिलिप हेझेल यांनी केंब्रिज विद्यापीठात १९९५ मध्ये लिहिला. पोस्टफिक्स हे वित्से वेनेमा यांचे आयबीएममधील काम, १९९८ साली प्रसिद्ध झालेले. दोन्ही मोफत मिळतात.

डेबियन या लिनक्सवर एक्झिमसाठी ‘ईटीसी’ निर्देशिकेत ‘ईमेल-ॲड्रेसेस’ नावाची साधी फाइल असते. तीत एका ओळीवर घरातले नाव, मग विसर्गासारखे दिसणारे कोलन आणि त्यापुढे जगाला ठाऊक असलेला पूर्ण पत्ता लिहावयाचा. पत्र जाताना एक्झिम ही फाइल वाचतो आणि लिफाफ्यावरचा व पत्रावरचा असे दोन्ही प्रेषक बदलतो. ओळ लिहिली की ती लागू होते. आणखी काही करावे लागत नाही.

पोस्टफिक्समध्ये यासाठी दोन तक्ते आहेत आणि त्यांतील भेद समजून घेण्याजोगा आहे. आपल्याकडे घरात नाना, माई, बाळू अशी नावे चालतात. उंबरठ्याबाहेर पाऊल टाकले, की शिधापत्रिकेवरचे नाव सांगावे लागते. ‘जेनेरिक’ हा तक्ता उंबरठ्यावर काम करतो. पत्र घराबाहेर जात असेल, तरच पत्ता बदलतो. घरातल्या घरात नानांनी माईंना पाठवलेले पत्र तसेच राहते. ‘कॅनॉनिकल’ हा तक्ता घरातल्या पत्रांवरही पूर्ण नाव चढवतो. घरच्या संगणकाला ‘जेनेरिक’ पुरतो आणि तोच बरा. मात्र ही फाइल नेहमीच्या रीतीने ‘हॅश’ प्रकारची म्हणून नोंदवलेली असेल, तर तिच्यात बदल केल्यानंतर ‘पोस्टमॅप’ ही आज्ञा चालवावी लागते. पोस्टफिक्स वाचतो ती या आज्ञेने तयार झालेली दुसरी फाइल. आज्ञा चालवायची राहिली, तर आपल्या डोळ्यांना दिसणारा तक्ता नवा आणि प्रोग्रॅमला दिसणारा जुना, अशी स्थिती होते. तासभर डोके खाजवायला लावणारी ही चूक नवशिक्यांपुरती मर्यादित नाही.

आता ओव्यांच्या संगणकाकडे वळू. त्याच्या तक्त्यात लेखकाचे स्वतःचे नाव व्यवस्थित लिहिलेले होते. चाचणी-पत्र मिळाले ते त्यामुळेच. परंतु रात्रीची नक्कल लेखकाच्या नावाने होत नव्हती. ती ‘रूट’ या नावाने होत होती. रूट म्हणजे संगणकाचा कारभारी. घरातील माणसांच्या यादीत त्याचे नाव घालण्याचे सुचले नाही, कारण तो माणूस नाही. त्याची पत्रे ‘रूट@घर’ या पत्त्यानिशी निघत आणि नाकारली जात. चाचणी केली ती एका प्रेषकाची आणि भरवसा ठेवला तो दुसऱ्यावर. एकच ओळ कमी होती.

तेव्हा तक्ता भरताना आपल्या संगणकावर कोणाकोणाच्या नावाने कामे चालतात, याची यादी आधी करावी. रूट त्यात असतोच. संगणकावर एखादे संकेतस्थळ चालवत असाल, तर त्या सर्व्हरचेही एक स्वतंत्र नाव असते.

६.३.४ पत्ता लिहिण्याचा अधिकार

१९८२ च्या नियमांत लिफाफ्यावर कोणताही प्रेषक लिहिता येत असे. तो खरा आहे का, हे विचारण्याची तरतूद नव्हती. याचा गैरफायदा घेऊन बँकांच्या व कार्यालयांच्या नावाने खोटी पत्रे निघू लागली, तेव्हा तीन उपाय एकामागून एक आले. एसपीएफमध्ये पत्त्याच्या उजव्या भागाचा मालक, आपली पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघतात हे नामसूचीत जाहीर करतो. त्याचे आजचे नियम २०१४ चे आहेत. डीकेआयएममध्ये पाठवणारा सर्व्हर पत्रावर अंकीय स्वाक्षरी करतो. जुन्या मराठी पत्रांत मजकूर संपतो तेथे मर्यादामुद्रा उमटवीत, म्हणजे तिच्याखाली कोणी दोन ओळी घुसडू नयेत. ही स्वाक्षरी त्याच कुळातली आहे. फक्त ती पत्राच्या शेवटाबरोबर मधल्या अक्षरांचेही रक्षण करते. तिसरा उपाय डीमार्क, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला. वाचणाऱ्याला दिसणारा ‘फ्रॉम’ आणि वरील दोन तपासण्यांत सिद्ध झालेले नाव यांचा मेळ बसतो का, हे तो पाहतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी आपल्याकडे पत्र पाठवणाऱ्या प्रत्येकाकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एकाची अपेक्षा धरली आहे. रोज हजारोंनी पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात.

याचा घरच्या संगणकावर होणारा परिणाम सरळ आहे. घरच्या जोडणीवरून पत्र थेट पाठवले, तर प्रेषक-पत्ता खरा असूनही ते संशयास्पद ठरते, कारण त्या पत्त्याच्या मालकाने आपल्या घराला अधिकार दिलेला नसतो. शिवाय थेट पाठवण्यासाठी लागणारे २५ क्रमांकाचे पोर्ट अनेक इंटरनेट कंपन्या घरगुती ग्राहकांसाठी बंदच ठेवतात. म्हणून पत्र आपल्या ई-मेल सेवेच्या सर्व्हरकडे, ५८७ किंवा ४६५ या पोर्टवरून, खाते व पासवर्ड देऊन सोपवावे आणि पुढे त्याने न्यावे. रजिस्टर करावयाचे पत्र आपण रस्त्यावरच्या पेटीत टाकत नाही, टपालकचेरीच्या खिडकीत देतो, तसेच हे. जीमेलच्या बाबतीत येथे नेहमीचा पासवर्ड चालत नाही. द्विस्तरीय पडताळणी सुरू करून १६ अक्षरांचा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ घ्यावा लागतो. तो ज्या फाइलमध्ये लिहाल, ती इतरांना वाचता येणार नाही अशी ठेवा.

खिडकीतला कारकून मात्र आपण दुसऱ्याच्या नावाचे पत्र देत नाही ना, हे पाहतो. आपल्या खात्यात नोंदवून सिद्ध न केलेला पत्ता प्रेषक म्हणून दिला, तर काही सेवा पत्र नाकारतात आणि काही सेवा, जीमेल त्यांपैकी एक, ‘फ्रॉम’च्या जागी मुकाट्याने खात्याचाच पत्ता घालतात. नोकरीच्या ठिकाणचा पत्ता घरच्या खात्यामार्फत वापरू पाहणाऱ्यांचा गोंधळ होतो तो यामुळे. तो पत्ता आपला असला, तरी त्याचा मालक आपली संस्था आहे. तिची पत्रे तिच्याच सर्व्हरवरून जावीत. आणि दुसऱ्याचा पत्ता फसवण्याच्या हेतूने वापरणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६६-डी खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे.

६.३.५ नाव देवनागरीत

प्रेषकाच्या ओळीत पत्त्याआधी नाव असते आणि ते देवनागरीत असावे, असे मराठीच्या विद्यार्थ्याला वाटणे स्वाभाविक आहे. पत्राच्या माथ्यावरच्या ओळी मुळात इंग्रजी अक्षरांपुरत्या आखलेल्या होत्या. इतर लिप्यांची सोय १९९६ मध्ये आरएफसी २०४७ ने केली ती वळशाने. ‘सुनंदा’ या नावात काना, उकार, अनुस्वार वेगळे मोजून ६ चिन्हे होतात. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत त्यांचे १८ बाइट होतात आणि प्रवासासाठी त्यांचे २४ रोमन अक्षरांत रूपांतर केले जाते. पलीकडचा प्रोग्रॅम ती उलगडून पुन्हा ‘सुनंदा’ दाखवतो. थंडरबर्ड किंवा जीमेल हे काम आपल्या नकळत करतात. तेथे नाव निःशंकपणे देवनागरीत लिहावे. संगणकाच्या वापरकर्ता-नोंदीतले पूर्ण नाव मात्र रोमन ठेवणे शहाणपणाचे. तेथील नाव उचलून पत्र पाठवणारे लहानसहान प्रोग्रॅम हे रूपांतर करतीलच असे नाही आणि मग पलीकडे नावाच्या जागी अर्थहीन चिन्हांची माळ उमटते.

पत्ताच देवनागरीत असावा, यासाठीही वाट खुली झाली आहे. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम मराठी, कोकणी, हिंदी आदी भाषांसाठी २०१४ मध्ये सुरू झाले आणि अशा पत्त्यांच्या ई-मेलचे नियम त्याआधी २०१२ मध्येच आले होते. अडचण अशी, की वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला ते नियम पाळता आले पाहिजेत. एकाला जरी आले नाहीत, तरी पत्र तेथे थांबते. त्यामुळे अर्ज, परीक्षा आणि पैशांचे व्यवहार यांसाठी तूर्त नाव देवनागरी व पत्ता रोमन, हीच जोडी आम्ही सुचवतो.

६.४ उपक्रम

आपल्या संगणकावरून दुसऱ्या कंपनीकडील आपल्याच एखाद्या खात्यावर पत्र पाठवा. ते मिळाल्यावर ‘मूळ संदेश दाखवा’ हा पर्याय निवडून ‘फ्रॉम’ आणि ‘रिटर्न-पाथ’ या दोन ओळी वहीत उतरवून घ्या. दोहोंत फरक असल्यास त्याचे कारण चार-पाच वाक्यांत लिहा. ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांपुढे काय लिहिले आहे, तेही नोंदवा.

यानंतर त्याच कंपनीकडील, अस्तित्वात नसलेल्या एका पत्त्यावर मुद्दाम एकच पत्र पाठवा. नाकारल्याची सूचना आपण रोज उघडता त्या पेटीत आली का? आली नसेल, तर ती कोठे गेली याचा शोध घ्या. संगणकावर आपोआप चालणारे एखादे काम असल्यास हीच चाचणी त्या कामाच्या नावाने पुन्हा करा.